भूलभुलैयातून दिशा आणि कोडिंग: आधी फरशी, मग कागद, मोबाईल सगळ्यात शेवटी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरातल्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "लेकराला कोडिंग शिकवायचंय, कुठलं अ‍ॅप टाकू?" अ‍ॅप टाकलं जातं, मूल बोटानं चित्र इकडून तिकडे पळवतं आणि घरच्यांना वाटतं, शिकणं सुरू झालं. काही घरांत 'वाट शोधा'ची जाड पुस्तकं येतात. मूल पेन्सिल फिरवत भराभर पानं संपवतं. दोन्हींत वेळ छान जातो, पण डावं-उजवं कच्चंच राहतं आणि सूचना क्रमानं मांडायची वेळच येत नाही.

कोडिंगचा पाया या वयात एवढाच आहे: पूर्ण वाटेच्या सूचना आधी मांडायच्या, त्या जशाच्या तशा पार पाडायच्या आणि कुठं चुकलं ते शोधायचं. त्यासाठी विजेचीही गरज नाही. गडबड होते ती क्रमात. शरीरानं करायची गोष्ट आपण कागदावर सुरू करतो आणि कागदावरची मोबाईलवर. खालचे टप्पे चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. मूल मोठं असलं तरी पहिला टप्पा गाळू नका. आठ वर्षांचं मूल तो एका बैठकीत पार करेल, चार वर्षांच्या मुलाला त्यातच काही आठवडे लागले तर लागू द्या.

## सुरुवातीआधीची तयारी

जागा. घरात शहाबादी फरशी असेल तर चौकट आयती मिळते: एक फरशी म्हणजे एक घर. मात्र सांधे सरळ रेषेत आहेत का, ते आधी बघा. जुन्या घरांत फरश्या लहान-मोठ्या असतात आणि सांधे सरकवून बसवलेले असतात. तिथं फरशीचा आधार न घेता खडूनं स्वतंत्र चौकट आखा. चार-पाच वर्षांच्या मुलाला सव्वा ते दीड फुटाचं घर पुरतं. मूल दोन्ही पाय जुळवून आत उभं राहिलं पाहिजे आणि एका पावलात पुढच्या घरात गेलं पाहिजे. दोन फुटी फरशी असेल तर लहान मुलाला एका घरासाठी दोन पावलं टाकावी लागतात आणि 'एकदा पुढे' म्हणजे नक्की किती, हा घोळ पहिल्याच दिवशी सुरू होतो. अशा फरशीवर एका उडीत पलीकडं जायचं, असा नियम ठरवा.

आखायला सुतळी घ्या. दीड-दीड फुटावर गाठी मारा, सुतळी ताणून धरा आणि गाठीशी खडूची खूण करा. पहिली चौकट चार बाय चारची, म्हणजे सोळा घरांची. यापेक्षा मोठी नको.

सावध: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो. गच्चीचा कोबा सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. अनवाणी मुलांना उभं करण्याआधी तळहात जमिनीला टेकवून मनात दहा अंक मोजा. हात काढून घ्यावासा वाटला तर खेळ आत ओसरीवर. चादर अंथरून तिच्यावर चौकट आखू नका, गुळगुळीत फरशीवर चादर सरकते आणि मूल आपटतं. चादरीपेक्षा टॉवेल उपयोगी: घट्ट गुंडाळी करून ठेवला की छान भिंत होते.

कार्ड. साडीच्या किंवा चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा, नाहीतर जुन्या लग्नपत्रिका. पत्त्याच्या आकाराची कार्ड कापा: 'पुढे' बारा, 'डावीकडे वळ' सहा, 'उजवीकडे वळ' सहा. सगळ्यात जास्त चुका या कार्डांतच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'डावीकडे वळ' या कार्डावर बहुतेक जण डावीकडे तोंड केलेला सरळ बाण काढतात. मूल तो बाण बघतं आणि डावीकडच्या घरात सरकतं. त्याचं बरोबरच आहे, कारण चित्र तेच सांगतंय. वळण्याच्या कार्डावर गोल वळणारा बाण काढा. खाली एक ठिपका, ठिपक्याभोवती वाकलेला बाण. ठिपका म्हणजे 'तू इथंच आहेस'. सरळ बाण फक्त 'पुढे'साठी राखून ठेवा. शिवाय प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला जाड रेघ मारा. कार्ड उलटं लागलं तर 'पुढे'चं 'मागे' होतं, रेघेमुळं ते लगेच दिसतं. डाव्या कार्डांना निळी किनार, उजव्यांना पिवळी. तांबडा-हिरवा टाळा, काही मुलांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

शब्द. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर डाव्या-उजव्यासाठी मुलाला जे शब्द आधीपासून ठाऊक आहेत तेच घ्या, शाळेतले मराठी शब्द नंतर शिकवा. एकाच खेळात आजी एका भाषेत आणि आई दुसऱ्या भाषेत सांगायला लागली की मुलाची चूक दिशेची की शब्दाची, हे कळायला मार्ग उरत नाही. 'वळ', 'फिर', 'घूम' असे तीन शब्दही आलटून-पालटून वापरू नका. एक ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

## टप्पा १: डावं-उजवं आधी अंगात

मुलाच्या डाव्या मनगटाला निळ्या लोकरीचा धागा बांधा. फक्त डाव्या. दोन्ही हातांना दोन रंग बांधले तर लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन होतात. एकच ठेवली की 'धागा आहे तो डावा, नाही तो उजवा' एवढ्यावर काम भागतं. मनगटात आधीच गंडा असेल तर गोंधळ नको म्हणून खूण पायाला करा: डाव्या पायात मोजा, उजवा पाय मोकळा.

"जेवतोस तो हात उजवा" ही आपल्याकडची नेहमीची खूण. ती चालते, पण "लिहितोस तो उजवा" असं सांगू नका. मूल डावखुरं असेल तर खूणच उलटी शिकवली जाते आणि नंतर सुधारायला फार जड जातं.

आता हुकूम द्या: डावा हात वर, उजवा पाय पुढं, डाव्या हातानं उजवा कान. हे करताना तुम्ही मुलाच्या पाठीमागे उभं राहा. समोर उभं राहिलात तर तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला येतो. मूल तुमच्याकडं आरशात बघितल्यासारखं बघतं आणि नेमकं उलटं उचलतं. स्वतःचं डावं-उजवं साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्कं होतं. समोरच्या माणसाचं डावं-उजवं ओळखणं त्याच्याही पुढचं आहे. पाच वर्षांच्या मुलाकडून ते मागणं चूक आहे, आणि न जमल्यावर रागावणं तर अन्यायच.

तपासा: धागा सोडा. मुलाला खिडकीकडं तोंड करून उभं करा, मग दाराकडं, मग भिंतीकडं. प्रत्येक वेळी "उजवा हात वर" सांगा. तोंड कुठंही असलं तरी तोच हात वर येतोय ना? काही मुलं हाताऐवजी 'खिडकीची बाजू' लक्षात ठेवतात. तसं असेल तर इथंच थांबा आणि उद्या पुन्हा खेळा.

## टप्पा २: वळणं वेगळं, चालणं वेगळं

माझ्या मते सगळ्या खेळाचा कणा हा टप्पा आहे, आणि सगळ्यात जास्त वगळला जातो तोही हाच.

बोलताना आपण "उजवीकडे वळ" म्हणतो तेव्हा मनात 'वळ आणि चालू लाग' असंच असतं. रिक्षावाल्याला "सात रस्त्याला डावीकडं घ्या" म्हटलं तर तो जागेवर फिरून थांबत नाही. कोडिंगमध्ये मात्र त्या दोन वेगळ्या सूचना आहेत. वळणं म्हणजे पाय त्याच घरात ठेवून फक्त तोंड फिरवणं. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं असेल तर 'पुढे'च लागतं.

मुलाला एका फरशीवर उभं करा आणि फक्त वळायला सांगा. उजवीकडे वळ. पुन्हा उजवीकडे. पुन्हा. पुन्हा. चार वेळा वळल्यावर तोंड पहिल्या जागी येतं, हे मुलाला स्वतःहून कळू द्या. सहा वर्षांची एक मुलगी प्रत्येक वळणाबरोबर नकळत एक पाऊल टाकायची. तिला "चुकलं" म्हणायच्या आधी तिच्या अक्कानं विचारलं, "सुरुवातीला तुझ्या पायाखाली कुठली फरशी होती गं?" तिनं खाली बघितलं. कोपऱ्याचा टवका उडालेली फरशी आता तिच्या मागं होती. ती उलट्या पावली तिच्यावर गेली, टाचा जुळवल्या आणि पुढचं वळण टाच न उचलता घेतलं. अशी खूण प्रत्येक घरात सापडते. नसेल तर सुरुवातीच्या घरात खडूनं दोन पावलं काढून ठेवा.

मग एक वळण, एक पाऊल अशी जोडी करा. मूल "वळलो", "गेलो" असं मोठ्यानं म्हणत खेळलं तर फरक लवकर पक्का होतो.

तपासा: "फक्त उजवीकडे वळ" असं सांगून गप्प बसा. मूल वळून त्याच घरात थांबलं तर पुढं चला. पाऊल पडलं तर हाच टप्पा चालू ठेवा.

## टप्पा ३: भूलभुलैया मांडणं

आधी वाट, मग भिंती. उलटं केलं तर उशा छान मांडल्या जातात आणि शेवटी कळतं की पोचायला वाटच नाही. मूल वीस मिनिटं धडपडतं आणि स्वतःला 'ढ' समजतं. म्हणून खडूनं वाटेवरच्या घरांत बारीक ठिपके द्या, उरलेल्या काही घरांत उशी, पाट, चपलांचा जोड ठेवा, मग ठिपके पुसा. कडक, टोकदार किंवा काचेची वस्तू अडथळा म्हणून नको.

पहिली मांडणी अशी करा. मुलाच्या बाजूची, खालची आडवी ओळ पहिली, डावीकडची उभी रांग पहिली. मूल डाव्या-खालच्या कोपऱ्यात, तोंड वरच्या ओळीकडं. ठिकाण: तिसऱ्या रांगेत तिसऱ्या ओळीचं घर, तिथं शेंगदाण्याच्या लाडवाची वाटी. दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत उशा, शिवाय पहिल्या रांगेच्या अगदी वरच्या घरात एक. सूचना होतात पाच: पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे.

दुसरी मांडणी दोन वळणांची. सुरुवात तिथूनच, ठिकाण तिसऱ्या रांगेत सगळ्यात वर. वाट: पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे, पुढे. दोन वळणं उलटसुलट असल्यामुळं मूल अंदाजानं निभावून नेऊ शकत नाही.

तिसरी मांडणी खरी परीक्षा घेते, कारण तिच्यात मूल तोंड फिरवून खालच्या ओळीकडं येतं: पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे. शेवटी मूल तिसऱ्या रांगेत दुसऱ्या ओळीवर असतं. खाली यायचंय म्हणून बरीच मुलं इथं 'मागे'चं कार्ड मागतात. ते देऊ नका. आपल्या खेळात 'मागे' नाहीच. "तुझं तोंड आता कुठं आहे? मग तुझं पुढं कुठं?" एवढंच विचारा.

गोल वाटा, दोन वाटा, खोटी टोकं यांची घाई नको. तिन्ही मांडण्या सहज जमल्या की एक खोटं टोक घाला, त्यानंतर दोन वाटा ठेवून "कमी कार्डांत कोण पोचतं?" विचारा.

## टप्पा ४: आधी सगळी कार्ड, मग पहिलं पाऊल

मूल एक कार्ड ठेवतं, एक पाऊल चालतं, पुन्हा एक कार्ड ठेवतं. बघायला छान वाटतं, पण हे झालं गाडी हाकणं. सूचना आधी पूर्ण लिहून मग चालवणं हेच कोडिंग. म्हणून नियम कडक ठेवा: चौकटीबाहेर जमिनीवर डावीकडून उजवीकडं सगळी कार्ड एका ओळीत लागल्याशिवाय रोबोट, म्हणजे कार्डांप्रमाणे चौकटीत चालणारं मूल, हलणार नाही.

तीन कामं वाटून द्या. एक मांडणारा, एक रोबोट, एक तपासनीस जो प्रत्येक कार्डावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचतो. भावंडं दोनच असतील तर तपासनीस तुम्ही. अंगणवाडीत किंवा वर्गात तीन-तीनचे गट करून प्रत्येक गटाला वेगळी चौकट द्या. वीस मुलं एका चौकटीभोवती उभी केली तर सतरा जण नुसती वाट बघतात आणि मग भांडणं होतात.

इथली मोठी अडचण म्हणजे हुशार रोबोट. रोबोट झालेल्या मुलाला लाडवाची वाटी दिसत असते. मांडणाऱ्यानं वळणाचं कार्ड विसरलं तरी रोबोट आपणहून वळतो आणि बरोबर पोचतो. सगळे टाळ्या वाजवतात आणि चूक लपून जाते. त्यामुळं रोबोटनं वाटीकडं न बघता तपासनिसाच्या शब्दाकडंच लक्ष द्यायचं. हे लहान मुलांना अवघड जातं, म्हणून पहिल्या काही फेऱ्या मोठ्या माणसानं रोबोट व्हावं आणि कार्ड सांगेल तसंच, अगदी उशीवर पाय पडला तरी, चालावं. डोळ्यांवर पट्टी बांधू नका, पडायची भीती असते.

मूल थकलं की खेळणं रोबोट होतं. त्याला नाक हवं: रिक्षा, बैल, बस. चेंडूला किंवा गोल डब्याला तोंड नसतं, त्यामुळं वळल्याचं दिसतच नाही.

तपासा: रोबोट चालत असताना मांडणारा "थांब थांब, ते नको" म्हणत कार्ड बदलतोय का? बदलू देऊ नका. चुकीची ओळही शेवटपर्यंत चालू द्यायची.

## टप्पा ५: चूक शोधणं

रोबोट उशीवर आदळला की मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सगळी कार्ड गोळा करून नव्यानं सुरुवात. मोठी माणसं करतात ती म्हणजे "अरे, इथं डावं हवं होतं" असं सांगून टाकणं. दोन्हींनी शिकायची संधी जाते.

क्रम असा ठेवा. ओळ जशीच्या तशी राहू द्या. रोबोट पुन्हा सुरुवातीच्या घरात, तोंड पहिल्यासारखं. तोंडाची दिशा नीट बघा, निम्म्या वेळा घोळ तिथंच असतो. आता तपासनीस एका कार्डावर खडा ठेवतो, रोबोट तेवढंच करतो आणि मांडणारा विचारतो, "इथपर्यंत बरोबर?" हो म्हटलं की खडा पुढच्या कार्डावर. पहिलं 'नाही' आलं की थांबायचं. एकच कार्ड बदलायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून चालवायचं. एका वेळी दोन कार्ड बदलली आणि जमलं, तर कशामुळं जमलं ते कळत नाही. पुन्हा बिघडलं, तर नवी चूक कुठली आणि जुनी कुठली तेही कळत नाही.

चुका बहुतेक तीन-चार प्रकारच्याच असतात. वळण राहून जातं. डाव्याऐवजी उजवं लागतं. 'पुढे' एक जास्त पडतं, कारण मूल ज्या घरात उभं आहे तेही मोजतं. "इथून वाटीपर्यंत किती घरं?" विचारा. पायाखालचं घर मोजून 'तीन' म्हणालं तर पावलं दोनच असतात. बोटानं घरं मोजायला न लावता उड्या मोजायला लावा, ही चूक आपोआप जाते. आणि शेवटचा प्रकार: पोचल्यावर उगाच एक वळण. तो फेटाळू नका. "हे कार्ड काढलं तर पोचेल का?" असं विचारा आणि चालवून बघू द्या.

मुलांना हा टप्पा आवडू लागला की एक छान खेळ करता येतो. तुम्ही मुद्दाम एक कार्ड चुकवून ओळ मांडा आणि न चालता, फक्त बघून चूक शोधायला सांगा.

## टप्पा ६: परतीची वाट

हा टप्पा छोटा आहे, पण पोरांना खूप विचार करायला लावतो. रोबोट वाटीपाशी पोचलाय, आता त्याच वाटेनं घरी आणायचा. पहिल्या मांडणीत जाताना उजवं वळण होतं. परत येताना ओळ होते: उजवीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे, पुढे. पहिली दोन वळणं पूर्ण मागं फिरण्यासाठी. जाताना लागलेलं उजवं वळण येताना डावं होतं.

हे सांगून टाकू नका. आधी मुलाला घेऊन किराणा दुकानापर्यंत चालत जा, जाताना पिठाची गिरणी कुठल्या हाताला लागली ते विचारा, येताना पुन्हा विचारा. मग फरशीवर मांडा.

## टप्पा ७: पुन्हा पुन्हा

'पुढे' कार्ड संपली आणि मूल "अजून बनवून द्या" म्हणालं की पुनरावृत्ती शिकवायची वेळ आली. तोपर्यंत नको.

घरातली चादर समोर पसरा. किनारीतली नक्षी दाखवा आणि विचारा, कुठून कुठपर्यंत एक तुकडा आहे आणि तोच तुकडा कुठून पुन्हा सुरू होतो? मूल बोटानं दाखवेल. मागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, लावलेलं असेल तर नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्ड एका साखळीत ओवलेली असतात. कुठले ताणे (उभे धागे) उचलायचे हे प्रत्येक कार्ड ठरवतं आणि साखळी फिरत राहिली की तीच नक्षी पुन्हा विणली जाते. ओळखीच्या कारखान्यात अशी साखळी असेल तर मुलाला दाखवाच, चालू मागापासून अंतर ठेवून. क्रमातलं एक कार्ड चुकलं तर कापडात काय होईल, हे तिथल्या कामगारालाच विचारू द्या.

फरशीवर दोन मांडण्या पुरतात. पहिली चौकोन: 'पुढे, पुढे, उजवीकडे वळ' याच्याभोवती सुतळीचा गोल ठेवा आणि वर '४' लिहिलेलं कार्ड. चार फेऱ्यांनी रोबोट निघाला तिथंच, निघाला त्याच तोंडानं उभा राहतो. दुसरी पायऱ्या: 'पुढे, उजवीकडे वळ, पुढे, डावीकडे वळ', वर '३'. डाव्या-खालच्या कोपऱ्यातून निघालेला रोबोट उजव्या-वरच्या कोपऱ्यात पोचतो. बारा कार्डांचं काम चार कार्डांत आणि एका आकड्यात झालं, हे मुलांना मनापासून आवडतं.

सावध: पायऱ्यांत शेवटचं 'डावीकडे वळ' हमखास राहतं, कारण पहिल्या फेरीत त्यावाचून काही अडत नाही. दुसऱ्या फेरीत रोबोट खालच्या ओळीकडं वळतो आणि तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच पावलात चौकटीबाहेर पडतो. पूर्ण तीन फेऱ्या चालवल्याशिवाय "बरोबर" म्हणू नका. एक तुकडा संपताना तोंड पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला हवं तिकडं आहे ना, हीच खरी तपासणी.

## टप्पा ८: 'समोर भिंत असेल तर'

सात वर्षांच्या खाली हा टप्पा सोडून दिला तरी चालेल. कार्डावर लिहा: 'समोर उशी असेल तर उजवीकडे वळ, नसेल तर पुढे.' वाटेतली सगळी वळणं उजवी असतील अशी मांडणी करा, नाहीतर हा नियम रोबोटला भलतीकडं नेतो. मुलं थोडी मोठी झाली की एक हात सतत भिंतीला लावून चालत राहायची युक्ती शिकवा. आत जाण्याची आणि बाहेर पडायची जागा बाहेरच्या कडेला असेल आणि सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्या असतील तर त्या युक्तीनं वाट नक्की सापडते. ठिकाण मध्यभागी असेल आणि त्याच्या भोवतीची भिंत सुटी असेल, तर रोबोट नुसताच फिरत राहतो. दोन्ही मांडून बघा. मुलांना नियम कुठं चालतो यापेक्षा कुठं चालत नाही, ते जास्त लक्षात राहतं.

## टप्पा ९: कागद आणि चार दिशा

गणिताची चौकटीची वही घ्या. लहान मुलांसाठी चार चौकटी मिळून एक घर करा, एकाच चौकटीचं घर फार बारीक होतं. फरशीवर जमलेलीच मांडणी कागदावर उतरवा, नवीन नको. पेन्सिलीनं वाट न काढता वाटेखाली सूचना लिहायच्या: सरळ बाण, गोल बाण. मूल कागद फिरवून बघत असेल तर फिरवू द्या. ते रोबोटचं तोंड आपल्या तोंडाच्या दिशेला आणतंय, त्याला ती गरज आहे. हळूहळू फिरवणं कमी होतं.

आता पूर्व-पश्चिम आणा. आधी नको, कारण डावं-उजवं शरीराबरोबर फिरतं आणि पूर्व फिरत नाही. दोन्ही एकदम दिले की मूल 'उजवी म्हणजे पूर्व' असं धरून बसतं. सोलापूरकरांना इथं एक सोय आहे. चार चिठ्ठ्या लिहा: तुळजापूर, विजयपूर, हैदराबाद, पंढरपूर. सकाळी सूर्य उगवतो ती बाजू बघून पूर्वेच्या भिंतीवर हैदराबाद चिकटवा, समोर पश्चिमेला पंढरपूर. उत्तरेला साधारण तुळजापूर, दक्षिणेला विजयपूर. मूल चौकटीत उभं राहून वळतं आणि सांगतं: "मी उजवीकडं वळलो, आता माझं तोंड हैदराबादकडं." वळलं मूल, हैदराबाद जागेवरच राहिलं. हा फरक कळला की नकाशा वाचायला वेळ लागत नाही.

तपासा: मुलाला पंढरपूरकडं तोंड करून उभं करा आणि विचारा, "उजवीकडं वळलास तर तोंड कुठं?" वळून न बघता 'तुळजापूर' आलं तर टप्पा पार झाला.

## टप्पा १०: पडदा

आता अ‍ॅप. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर मोफत आहे आणि टॅबसाठी बनवलेलं आहे. देण्याआधी एक गोष्ट जरूर जाणून घ्या: त्यातले हालचालीचे बाण पडद्याच्या दिशेचे आहेत. उजवा बाण दिला की अ‍ॅपमधलं मांजर पडद्याच्या उजवीकडं सरकतं, त्याचं तोंड कुठंही असो. वळायचे ठोकळे वेगळे आहेत, ते चित्र जागेवर थोडंथोडं फिरवतात, आणि पूर्ण गिरकीला बारा लागतात. आपल्या खेळातल्या 'वळ' कार्डासारखं इथं पावलाची दिशा बदलत नाही. फरशीवर तयार झालेलं मूल इथं हमखास अडतं. "इथं रोबोट वळत नाही, नुसता सरकतो" एवढं आधी सांगितलं की वाट मोकळी होते.

'पुढे', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' या आपल्याच तीन सूचनांवर चालणारा भूलभुलैया हवा असेल तर कोड डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरचा 'क्लासिक मेझ' जवळचा आहे. संगणकावर उघडा आणि शेजारी बसा. दर वेळी मुलाला आधी पूर्ण ओळ मांडू द्या, मगच चालवायचं बटण. वळणावर अडलं तर पडदा बाजूला ठेवा, मुलाला फरशीवर उभं करा आणि तीच ओळ पावलांनी चालून बघायला सांगा.